मोठा फ्युएल पंप टाकताय? आधी आयडलचं प्रेशर बघा

मोठा पंप टाकायचा म्हटलं की सगळे विचारतात, किती हॉर्सपॉवरला पुरेल? मला वाटतं आधी हे विचारायला हवं की इंजिनाला न लागलेलं पेट्रोल परत जाणार कुठून.

साधा हिशोब बघा. वाल्ब्रोचा २५५वाला पंप म्हणजे ताशी साधारण २५५ लिटर. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तासाला लिटरभर पितं, फार तर थोडं जास्त. मग उरलेलं अडीचशे लिटर फ्युएल रेलमधून (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतून) फिरून रेग्युलेटरच्या, म्हणजे प्रेशर धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, बारक्या भोकातून टाकीत परत गेलं पाहिजे. म्हणजे रेग्युलेटरची खरी परीक्षा फुल थ्रॉटलला होतच नाही, ती सिग्नलला उभं असताना होते! विकणारे मात्र रेग्युलेटर "इतक्या एचपीचा" म्हणून विकतात आणि तो आयडलला किती पेट्रोल परत सोडू शकतो हे कुणी विचारतच नाही.

कंपनीचा रेग्युलेटर आणि ती बारीक रिटर्न लाइन कंपनीच्याच पंपाच्या मापाने बनवलेली असते. त्यावर मोठा पंप बसवला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी पेट्रोल तुंबतं आणि रेलचं प्रेशर चढून बसतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा ३ बार धरून इंजेक्टर उघडतोय आणि तिथे असतात ४ बार. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५ टक्क्यांच्या आसपास पेट्रोल जास्त जातं. मग काळे प्लग, पेट्रोलचा वास, पडलेलं ॲव्हरेज, आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात.

हे ओळखायला रेलवर एक गेज पुरे. गाडी आयडलला ठेवा, रेग्युलेटरला इंजिनाच्या इनटेककडून येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आकडा बघा, हेच बेस प्रेशर, बऱ्याच गाड्यांत ३ बार म्हणजे ४३.५ पीएसआय. मग नळी परत लावा. काटा अर्धा-पाऊण बार खाली यायलाच हवा. नळी नीट आहे, व्हॅक्यूम येतोय, तरी काटा हलत नाही आणि ॲडजस्टेबल रेग्युलेटरचा स्क्रू सैल करूनही प्रेशर उतरत नाही, तर रिटर्न चोक होतंय हे नक्की समजा. अशा वेळी नुसता महागडा रेग्युलेटर घेऊन भागत नाही, त्याच्या पुढची लाइनसुद्धा जाड करावी लागते, आणि टाकीच्या तोंडाशी असलेलं अरुंद फिटिंग तर हमखास विसरलं जातं.

टर्बो असेल तर १:१चा, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) जितका तितकंच प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर घ्या, म्हणजे १ बार बूस्टला रेलमध्ये ३ चे ४ बार होतील. पण प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो घटतो, म्हणून पंपाच्या फ्लो चार्टमध्ये ४ बारचा आकडा बघायचा, डब्यावरचा नाही. आणि तोही किती व्होल्टला दिलाय ते बघा. जुन्या बारीक वायरिंगवर पंपाला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी जाड वायर आणि रिले टाकाच.

आता आपल्याकडे पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय, तेव्हा रेग्युलेटरचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) आणि सील इथेनॉलला चालणारे आहेत का हे घेतानाच विचारा. टाकीच्या आत पंपाला साधा होज लावू नका, पेट्रोलमध्ये बुडालेला साधा होज बाहेरून सडतो, तिथे जे३०आर१० ग्रेडचाच लागतो. आणि व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, गाडी परत स्टार्ट करू नका.

एक मात्र मनापासून सांगतो. गाडी टर्बो नसेल, स्टॉक असेल, तर मोठा पंप नकोच. शंभर-एक हॉर्सपॉवरच्या इंजिनाला फुल थ्रॉटलला ताशी ३५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, चांगल्या स्थितीतला कंपनीचा पंप तेवढं आरामात देतो. त्या पैशात नवा फिल्टर आणि एक गेज घ्या.