दक्षिण आफ्रिकेत किती पैसे गुंतवले की पीआर मिळते?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. सुट्टीत कोल्हापूरला आलो की शिरोली एमआयडीसीतले जुने सहकारी, पुण्यातले नातेवाईक आणि त्यांच्याकडून नंबर घेऊन फोन करणारे अनोळखी लोकही मला हाच प्रश्न विचारतात. जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टन येथे पंपांचे इंपेलर (पाणी ढकलणारी पात्यांची चाके) आणि केसिंग (त्यांची बाहेरची कवचे) मशीनिंग करण्याचा माझा छोटा कारखाना आहे आणि त्याच्याच आधारावर आमच्या कुटुंबाला तिथे कायम राहण्याचा परवाना, म्हणजेच पीआर, मिळाला, त्यामुळे लोकांनी मला विचारणे स्वाभाविक आहे. गेल्या गणपतीत धाकट्या मेहुण्याने आरतीचे तबक खाली ठेवता ठेवता म्हटले, “दाजी, आकडा तेवढा सांगा, बाकीचे मी बघतो.” आकडा सांगता येतो, पण नुसता आकडा ऐकून माणसे चुकीच्या वाटेला लागतात, हे मी पाहिले आहे.

आकडा ५० लाख रँडचा आहे. रँडचा भाव वरखाली होतो, तो सुमारे ५ रुपये धरला तर ही रक्कम अडीच कोटी रुपयांच्या घरात जाते. मात्र ही पीआरची किंमत नव्हे. हे पैसे सरकारजमा होत नाहीत, मुदतठेवीत ठेवून चालत नाहीत आणि त्यातून घर घेतले तर परवान्याच्या दृष्टीने त्याचा काहीही उपयोग होत नाही. मॉरिशसमध्ये मान्यताप्राप्त योजनेतले ३,७५,००० डॉलरचे घर घेतले की ते घर नावावर असेपर्यंत निवासाचा परवाना मिळतो, आणि अनेकांच्या डोक्यात तेच चित्र असते. दक्षिण आफ्रिकेत परदेशी माणसाला घर खुशाल विकत घेता येते, पण त्या घरात किती दिवस राहायचे हे त्याचा व्हिसा ठरवतो.

तिथल्या २००२ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार ५० लाख रँड हे उद्योगात घालायचे भांडवल आहे, रोख किंवा रोख आणि यंत्रसामग्री मिळून. एवढी रक्कम उपलब्ध असल्याचा दाखला तिथल्या नोंदणीकृत सनदी लेखापालाकडून घ्यावा लागतो आणि तुमचा उद्योग देशहिताचा व टिकणारा आहे अशी शिफारस व्यापार, उद्योग आणि स्पर्धा विभागाकडून मिळवावी लागते. यंत्रनिर्मिती, शेतमाल प्रक्रिया अशा काही क्षेत्रांत रकमेत सवलत मिळू शकते; उलट जुन्या गाड्या आयात करून इतर देशांत विकण्याचा किंवा सुरक्षारक्षक पुरवण्याचा धंदा अनिष्ट उद्योगांच्या यादीत असल्याने त्यावर व्हिसा मिळत नाही. उद्योगासाठी मिळणारा तात्पुरता बिझनेस व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, त्यावर स्वतःच्या उद्योगाबाहेर काम करता येत नाही आणि सोबत आलेल्या पती किंवा पत्नीला आपोआप नोकरीची मुभा मिळत नाही. ही शेवटची गोष्ट निघण्यापूर्वी घरात बसून नीट बोलून घ्यावी, कारण माझ्या पत्नीला शिक्षिकेची नोकरी सोडून यावे लागले होते आणि त्याची तयारी आम्ही पुरेशी केली नव्हती.

उद्योग न करता राहण्याचे दोन मार्ग कायद्यात आहेत. १ कोटी २० लाख रँडची निव्वळ मालमत्ता दाखवणाऱ्याला थेट कायम निवासासाठी अर्ज करता येतो आणि अर्ज मंजूर झाल्यावर १,२०,००० रँड शुल्क भरावे लागते. निवृत्त माणसाला पेन्शन किंवा मालमत्तेतून दरमहा ३७,००० रँड मिळत असतील तर निवृत्तांचा व्हिसा मागता येतो. मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकजण चाळिशीतले आणि कारखाना किंवा दुकान चालवणारे असतात, म्हणून मी पुढचे सगळे उद्योगाच्या वाटेविषयीच सांगतो.

पहिली अडचण आपल्याकडूनच सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात आणि डॉलरला १८ रँड धरले तरी त्याचे ४५ लाख रँडच होतात. म्हणजे एकट्याच्या नावावर एका वर्षात रक्कम पुरी होत नाही. आम्ही काही भाग मार्चमध्ये आणि उरलेला एप्रिलमध्ये, म्हणजे नवे आर्थिक वर्ष लागल्यावर पाठवला. आता १० लाख रुपयांवरच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो आयकरात वळता होत असला तरी तेवढे पैसे काही महिने अडकून पडतात, आणि यंत्रांची ऑर्डर दिलेली असताना ते जाणवते. परदेशी कंपनीतली गुंतवणूक बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला कळवावी लागते आणि दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत तिचा अहवालही द्यावा लागतो.

एक छोटी गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती मला कोणी सांगितली नव्हती. पैसे तिथल्या बँकेत पोहोचल्यावर कंपनीची शेअर सर्टिफिकेटे छापली जातात, आणि ती घेऊन बँकेत जाऊन त्यांवर ‘नॉन-रेसिडेंट’ असा शेरा मारून घ्यावा लागतो. दिसायला तो एक साधा रबरी शिक्का असतो. पण भांडवल बाहेरून आले होते याचा तो पुरावा असतो आणि उद्या उद्योग विकून पैसे परत न्यायची वेळ आली तर बँक सर्वांत आधी तो शिक्का शोधते. माझी सर्टिफिकेटे वर्षभर कपाटात बिनशिक्क्याची पडून होती. एका गुजराती व्यापाऱ्याने चहा घेताना सहज विचारले, म्हणून ती चूक वेळेत सुधारता आली.

कागदांचेही तसेच आहे. आम्ही अर्ज केला तेव्हा वयाच्या १८ व्या वर्षानंतर ज्या ज्या देशात १२ महिने किंवा अधिक राहिला असाल, त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला लागत असे. मी तरुणपणी दोन वर्षे मस्कतला होतो, हे मी ज्याच्याकडे गेलो त्या मुंबईच्या सल्लागाराने विचारले नाही आणि माझ्याही लक्षात आले नाही. ओमानचा दाखला येईपर्यंत भारतातल्या दाखल्याची सहा महिन्यांची मुदत संपली आणि ती फाईल पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागली. “पैसे तयार ठेवा, बाकी आम्ही पाहतो,” असे सांगणाऱ्या सल्लागारापासून दूर राहा, असे मी आज प्रत्येकाला कळकळीने सांगतो. फाईल आपली आहे आणि तिच्यातला कागद न् कागद आपल्याला ठाऊक असायला हवा.

या सगळ्यात खरी अट मात्र माणसांची आहे. कर्मचाऱ्यांपैकी किमान ६० टक्के लोक दक्षिण आफ्रिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी असले पाहिजेत, त्यांची नोकरी कायम स्वरूपाची असली पाहिजे आणि व्हिसा मिळाल्यापासून १२ महिन्यांत तसा पुरावा द्यावा लागतो. माझ्या कारखान्यातला पहिला ऑपरेटर हा बंद पडलेल्या एका युनिटमधून आलेला पन्नाशीचा झुलू गृहस्थ होता. मुलाखतीला येताना त्याने स्वतःचे मायक्रोमीटर फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून आणले होते. मी दाखवलेला इंपेलर त्याने हातात घेतला, तीन ठिकाणी मोजला आणि मधले भोक (बोअर) किती मायक्रॉनने मोठे आहे ते सांगितले. माझे माप तेच होते. त्याच्या पगारातून १ टक्का आणि माझ्याकडून १ टक्का असे बेकारी विमा निधीचे पैसे दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरताना, कायद्याने ५० लाख रँड कशासाठी मागितले होते ते मला पहिल्यांदा नीट समजले. सरकारला माझे भांडवल हवे होते ते त्याचे काम पुन्हा सुरू व्हावे म्हणून. ज्या देशात बेकारीचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर आहे, त्या देशाने बाहेरच्या माणसाकडे ही मागणी करणे मला पूर्ण न्याय्य वाटते.

यामागे माझ्या मनात एक जुना संदर्भही असतो. त्याच देशातल्या नाताळ वसाहतीत करार संपल्यावरही राहू इच्छिणाऱ्या भारतीय मजुरांवर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा कर बसवला होता, आणि नव्या मजुराचा पगार महिन्याला १० शिलिंग (अर्धा पौंड) असे, म्हणजे राहण्याच्या परवानगीसाठी सहा महिन्यांची कमाई द्यायची. हा कर रद्द व्हावा म्हणून १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तिथे आले. जोहान्सबर्गला गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला, कारण सभेला कोकणी मुसलमान आणि काही मराठी मंडळी येणार होती, आणि त्या भाषणाचा हिंदुस्तानी अनुवाद स्वतः गांधीजींनी केला. १९१४ मध्ये तो कर गेला. तो पैसा माणसाने निघून जावे म्हणून मागितला जात होता. आज मागतात तो तिथे काम उभे राहावे म्हणून. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पीआर मिळाली की सगळे संपले, असेही नाही. उद्योगाच्या आधारावर मिळालेला परवाना टिकवायचा तर भांडवल अजून उद्योगातच आहे हे दोन वर्षांच्या आत आणि त्यानंतर पुन्हा तीन वर्षांनी सिद्ध करावे लागते. २०२२ आणि २०२३ मध्ये वीज दिवसदिवस जात होती आणि संगणकावर चालणारी सीएनसी मशीन अर्ध्या कामावर बंद पडून तिच्यावरचे भाग वाया जात होते, तेव्हा भांडवल काढून घ्यावे असे मलाही वाटले होते. शिवाय सलग तीन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परवाना जाऊ शकतो, त्यामुळे कोल्हापुरात बसून तो कपाटात जपता येत नाही. वर्षातला मोठा काळ तिथे राहू लागलात की तिथला करही लागू होतो, म्हणून दोन्ही देशांचा कर जाणणारा लेखापाल सुरुवातीलाच धरावा.

मतदानाचा हक्क पीआरने मिळत नाही. त्यासाठी नागरिकत्व लागते, आणि ते घेतले की भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. आम्ही दोघांनी भारतीय पासपोर्ट ठेवायचे ठरवले आहे. मुलगा जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात शिकतो, आणि त्याने काय करायचे हे आम्ही त्याच्यावर सोपवले आहे.