श्वासाच्या रकान्यातले वीस

मॉनिटर बदलून नऊच दिवस झाले होते. आधी कॅज्युअल्टीत एकच मल्टिपॅरा, म्हणजे नाडी, बीपी, श्वास असं सगळं दाखवणारा मॉनिटर. ज्याची अवस्था सगळ्यात वाईट त्याच्या खाटेशी तो ढकलत न्यायचा. बाकीच्यांचं बीपी घेऊन तळहातावर पेनानं लिहायचं आणि गर्दी ओसरली की कागदावर उतरवायचं. आता प्रत्येक खाटेला मॉनिटर, आणि आकडे आपोआप संगणकातल्या केसपेपरवर. मला ते रुचलं नव्हतं. पासवर्ड टाकेपर्यंत एक सलाइन लावून होते.

त्या रात्री दहाच्या सुमारास एक मुलगा वडिलांना घेऊन आला. दोन दिवस ताप, लघवीला जळजळ. आजोबा चालत आले, नाव-वय नीट सांगितलं. ताप ३८.४ सेल्सियस, नाडी १०८, बीपी ११२/७०, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९५. गोळी देऊन सकाळी ओपीडीत बोलवावं, असंच एकंदर चित्र. मॉनिटरवर श्वास मात्र २७.

माझा विश्वास बसेना. मशीन श्वास काढतं ते ईसीजीच्या लीडमधून, छातीचा विद्युतरोध मोजून. माणूस बोलला, कुडकुडला की आकडा भरकटतो. कागद असता तर मी २० लिहून मोकळी झाले असते. आम्ही सगळ्याच नर्स लिहायचो. जुन्या टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो. पण इथे २७ बदलायचे तर कारण द्यावं लागत होतं. म्हणून छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजले. २८ भरले.

न्यूज स्कोअर, म्हणजे ताप, नाडी, श्वास वगैरेंना गुण देऊन काढलेली धोक्याच्या इशाऱ्याची बेरीज, आला ६. हा तक्ता लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये काढला, २०१७ मध्ये सुधारला. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीनं बघायचं. सहातले तीन गुण एकट्या श्वासाचे. मी २० लिहिले असते तर डॉक्टर मॅडमना उठवलंच नसतं.

मॅडमनी कल्चरसाठी, म्हणजे जंतू शोधायच्या तपासणीसाठी, रक्त घेतलं, लगेच अँटिबायोटिक आणि सलाइन सुरू केलं. तरी चाळीस मिनिटांत बीपी ९२, नाडी ११८. मोठ्या रुग्णालयात रेफर केलं, सोबत आलेखाची प्रत दिली. ‘बीपी कधीपासून उतरलं?’ हा तिकडचा नेहमीचा प्रश्न. त्याला पहिल्यांदाच घड्याळाच्या मिनिटासकट उत्तर होतं.

त्याच खाटेवर मनगट मोडलेला एक तरुण आला. अर्ध्या तासानं बघते तर आजोबांच्या पेपरवर बीपी १२४/७८, आणि आजोबा तर रुग्णवाहिकेत! मॉनिटरवरून त्यांचं नाव काढायचं मीच विसरले होते. मशीनची गाठ खाटेशी. वर कोण झोपलंय ते आपणच सांगायचं. आठ दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी ठासून सांगितलं नव्हतं.

सहा नोंदी एकेक करून खोडल्या, प्रत्येकीपुढे कारण लिहिलं. मग त्या तरुणाचा श्वास मोजला, पूर्ण मिनिटभर. २० भरले. टाइप करताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.