तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओवरचं गाणं खरं की अल्बममधलं?

कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं लोकप्रिय संगीत, ऐकणारा मराठी माणूस म्हटला की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "तुला त्यात सापडतं तरी काय?" याला उत्तर देणं मी केव्हाच सोडून दिलंय. दुसरा एक प्रश्न मात्र ऐकणारी मंडळी विचारतात, आणि वरचेवर विचारतात. "गाडीत रेडिओवर ऐकलेलं गाणं घरी येऊन ॲपवर लावलं तर वेगळंच निघतं. कुठे कडवं जास्त, कुठे शब्द दुसरा, कुठे वाद्यंच बदललेली. मग यातलं खरं कोणतं?"

विचारणाऱ्याने उत्तर बहुतेक वेळा मनात ठरवलेलंच असतं: अल्बममधलं खरं आणि रेडिओवरचं कंपनीने कातरलेलं. मला हे पटत नाही. कात्री दोन्हीकडे चालते. ती कुणी चालवली आणि कुणाच्या धाकाने, एवढं बघावं. कधीकधी तर कातरलेलंच सरस निघतं.

तबकडीच्या लांबीपायी गाणं आखडणं आपल्याला नवं नाही. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारं नाट्यपद रेकॉर्डवर झटपट आटपावं लागे. अमेरिकेत १९४९ साली ४५ आरपीएमची छोटी तबकडी आली, तरी तीन मिनिटांची सवय काही सुटली नाही. नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ज्यूकबॉक्सच्या, मालकाला नाणी हवी होती, रेडिओवाल्याला जाहिराती. गाणं आखूड असलं की दोघांचंही भलं.

म्हणून १९५९ साली मार्टी रॉबिन्सचं 'एल पासो' हातात आल्यावर कोलंबिया कंपनीची पंचाईत झाली. गाणं साडेचार मिनिटांच्या वर, आणि त्यात एक अख्खी कथा. टेक्सासच्या टोकाला एल पासो गाव, तिथे रोझाचं कँटिना (दारूचा गुत्ता), त्यात नाचणारी फेलिना. तिच्यावर जीव जडलेला एक काउबॉय तिच्याशी लगट करणाऱ्या तरुणाला गोळी घालतो, मागच्या दाराने निसटून घोडा चोरतो आणि न्यू मेक्सिकोत पळतो. तिथे त्याला राहवत नाही. मरण समोर दिसत असूनही तो परत येतो आणि फेलिनाच्या मिठीत प्राण सोडतो. हे सगळं तो स्वतःच सांगतो. मेलेला माणूस गोष्ट कशी सांगतोय, असा प्रश्न ग्रेडी मार्टिनची गिटार वाजत असताना पडत नाही.

कंपनीने रेडिओ स्टेशनांना पाठवलेल्या रेकॉर्डवर एका बाजूला पूर्ण गाणं ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तीन मिनिटांच्या आसपास आणलेलं. कापलं कुठलं कडवं? गोळी झाडल्यानंतर तो आपल्या हातून काय झालं हे उमगून जागीच थिजतो, ते. कथानकाच्या हिशेबाने त्या कडव्यात काहीच घडत नाही. कुणी येत नाही, कुणी जात नाही. संपादकाला ते फालतू वाटलं असणार हे मी समजू शकतो. पण ते काढलं की माणूस गोळी घालतो आणि पुढच्याच ओळीत घोड्यावर बसतो, म्हणजे नुसता पळपुटा खुनी उरतो. मग शेवटी तो मरणाच्या दारात परत येतो ते कशाच्या बळावर? ते बळ कापलेल्या कडव्यातच होतं.

श्रोत्यांना हे कळलं. निवेदकांनीही बहुतेक ठिकाणी लांब बाजूच वाजवली, आणि १९६० साल उजाडताच 'एल पासो' गाजणाऱ्या गाण्यांच्या कंट्रीच्याच नव्हे, पॉपच्या यादीतही पहिल्या क्रमांकावर होतं. रेडिओच्या श्रोत्याला दम नसतो असं कुणी म्हणालं की मी हे गाणं पुढे करतो.

आता उलट टोकाचं उदाहरण. जॉनी कॅशचं 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' मूळचं १९५५ सालचं, पण गाजलं ते १३ जानेवारी १९६८ला कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांपुढे गायलेलं. त्यात एक ओळ आहे: रीनो गावात मी एका माणसाला गोळी घातली, का, तर तो मरताना बघायला. गाणं रेडिओवर चढत असतानाच जूनमध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीतल्या रॉबर्ट केनेडींची गोळ्या घालून हत्या झाली आणि स्टेशनांनी ते वाजवणं थांबवलं. कंपनीने ओळ कापून रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली. कॅशने विरोध केला, त्याचं कुणी ऐकलं नाही. कापलेलं गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं.

इथे कात्री भीतीने चालली हे उघड आहे, आणि त्या आठवड्यांत ती भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण मला गंमत वाटते ती अल्बमची. अल्बममध्ये ती ओळ आहे, आणि ओळ संपताच कैद्यांमधून एक आरोळी उठते. अंगावर काटा येतो. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण मला म्हणतो, "बघ, हे अस्सल!" ती आरोळी नंतर स्टुडिओत बसून जोडलेली आहे. म्हणजे सिंगलमधून (एकट्या गाण्याच्या रेकॉर्डमधून) एक ओळ काढली आणि अल्बममध्ये एक आरोळी घातली. सांगा आता, अस्सल कुठलं?

कॅशचंच 'अ बॉय नेम्ड सू', १९६९ सालचं, सॅन क्वेंटिन तुरुंगातलं. आपल्याला 'सू' हे मुलीचं नाव ठेवून पसार झालेल्या बापाला शोधत हिंडणाऱ्या मुलाचं गाणं. बाप सापडतो, मारामारी होते, आणि बाप तोंडाने कबुली देतो तेव्हा नेमकी शिवी येते. ती 'पीं' करून झाकली आहे, सिंगलवर आणि तेव्हाच्या अल्बमवरही. शिवीसकट गाणं नंतरच्या आवृत्त्यांमधून मिळायला लागलं. तेव्हा अल्बम म्हणजे बिनकातरलेलं, हा नियमही धरून चालू नका.

शिव्यांच्या अदलाबदलीत खरं तर मला फारसा रस नाही. सगळे तिच्यावरच बोलतात, कारण ती पटकन कानाला लागते. चार्ली डॅनियल्सच्या १९७९च्या गाण्यात जॉर्जियाचा एक पोरगा फिडल (व्हायोलिन) वाजवण्याच्या पैजेत साक्षात सैतानाला हरवतो आणि वर त्याला 'सन ऑफ अ बिच' म्हणतो. रेडिओवर तेच 'सन ऑफ अ गन' झालं. रेडिओवर सैतानाचाही मान राखावा लागतो! झॅक ब्राउन बँडचा एक गडी समुद्रावर पाय पाण्यात आणि बूड वाळूत टेकून बसलेला आहे. रेडिओवर त्याच्या पायांची बोटं पाण्यातही आहेत आणि वाळूतही. टेलर स्विफ्टच्या 'पिक्चर टू बर्न'मध्ये सोडून गेलेल्या मुलाला 'तू गे आहेस असं माझ्या मित्रमैत्रिणींना सांगेन' अशी धमकी होती. रेडिओसाठी ती ओळ बदलली आणि अल्बमच्या नंतरच्या आवृत्त्यांतही बदललेलीच गेली. तो बदल चांगलाच झाला. मूळची ओळ पोरकट होती. आणि जॉनी हॉर्टनने 'द बॅटल ऑफ न्यू ऑर्लिन्स'मध्ये ब्रिटिशांची इतकी टर उडवली होती की राणीच्या राज्यात विकायला वेगळं ध्वनिमुद्रण करून 'ब्रिटिश'च्या जागी 'बंडखोर' घालावे लागले. पळणारं सैन्य तेच, नाव तेवढं दुसऱ्याचं.

कडवं वगळल्याने गाणं सुधारतं का? सुधारतं, आणि माझा दाखला गार्थ ब्रुक्सचा आहे. 'द थंडर रोल्स' १९९०च्या अल्बममध्ये आणि १९९१च्या सिंगलवर सारखंच आहे. वादळी रात्र, पहाटे साडेतीनची वेळ, बाहेरख्याली नवरा घरी परततोय आणि बायको जागी आहे. तो सुखरूप आलेला बघून ती धावत जाऊन त्याला बिलगते, आणि वाऱ्याबरोबर परक्या अत्तराचा वास येतो. वीज आता तिच्या डोळ्यांत चमकते. गाणं इथे संपतं. पण मैफलीत ब्रुक्स आणखी एक कडवं गातो, ते १९९८च्या 'डबल लाइव्ह'वर आहे: ती आत जाते, खण उघडते, पिस्तूल काढते. लोक आरडाओरडा करतात. माझे मित्र म्हणतात, हेच 'पूर्ण' गाणं. मला ते कडवं नको वाटतं. विजेने जे सांगून झालं होतं ते पिस्तूल पुन्हा सांगतं.

इथवरचं सगळं शब्दांचं झालं. सगळ्यात मोठा फरक मात्र शब्दांत नसतो, आणि तो कुणी मला विचारतही नाही. तो असतो पेडल स्टील गिटारमध्ये. ती रडवी, घसरत जाणारी तार वाजली की गाणं कंट्री झालं, असा सरळ हिशेब आहे. डॉली पार्टनला तो पक्का माहीत होता. १९७७ साली 'हिअर यू कम अगेन' फारच पॉप वाटतंय म्हणून तिने निर्मात्याला स्टील गिटार घालायला लावली. कुणी 'हे कंट्री नव्हे' म्हणालं तर दाखवायला पुरावा हवा होता. कंट्रीच्या श्रोत्यांसाठी जो पुरावा, तोच पॉप स्टेशनांसाठी अडथळा. म्हणून १९९०च्या दशकात एकाच गाण्याची दोन मिश्रणं सर्रास निघायला लागली: कंट्री स्टेशनांना स्टील आणि फिडल, पॉप स्टेशनांना ती मागे दाबून ढोल पुढे. शनाया ट्वेनचं 'यू आर स्टिल द वन' असंच दोन्हीकडे गेलं. तिच्या 'फ्रॉम धिस मोमेंट ऑन'मध्ये अल्बमवर ब्रायन व्हाइट सोबत गातो, पॉपच्या वाटेवर त्याला गाडीतून उतरवलं. लोनस्टारचं 'अमेझ्ड' १९९९मध्ये कंट्रीत आठ आठवडे पहिलं होतं. मग नवं मिश्रण करून पॉप स्टेशनांना दिलं आणि मार्च २०००मध्ये तिथेही ते पहिलं आलं. १९८३च्या 'आयलंड्स इन द स्ट्रीम'नंतर एखाद्या कंट्री गाण्याला हे प्रथमच जमलं होतं.

शनायाने २००२मध्ये 'अप!' काढला तेव्हा लपवाछपवीच संपवली. एकोणीस गाणी आणि प्रत्येकाची तीन रूपं: लाल तबकडी पॉपची, हिरवी कंट्रीची आणि निळी चक्क आपल्या हिंदी सिनेसंगीताच्या वळणाची. निळीच्या कामात बर्मिंगहॅमचे सायमन आणि डायमंड दुग्गल हे भाऊ होते. अमेरिका-कॅनडात लाल-हिरवी जोडी विकली गेली, बाहेर लाल-निळी. गळा तोच, शब्द तेच. यातलं 'मूळ' कोणतं, हे विचारणंच गैरलागू. तिन्ही सलग ऐकून बघा. मला हिरवी आवडते आणि निळी ऐकताना हसू येतं, पण रागाने नव्हे.

याचा हिशेबी शेवट २०१२-१३मध्ये झाला. ऑक्टोबर २०१२पासून, गाजणाऱ्या गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या 'बिलबोर्ड' मासिकाच्या मुख्य कंट्री यादीत विक्री आणि ऑनलाइन ऐकणं धरायला लागले, शिवाय कंट्रीखेरीज इतर स्टेशनांवरचं वाजणंही. फ्लोरिडा जॉर्जिया लाइनने 'क्रूझ'मध्ये रॅपर नेलीला घेऊन नवं रूप काढलं, ते पॉप स्टेशनांवर तुफान चाललं, आणि त्याच्या जोरावर गाणं कंट्रीच्या यादीत एकूण चोवीस आठवडे पहिलं राहिलं. कंट्री स्टेशनवर वाजत होतं एक आणि यादीत त्याला वर ठेवत होतं दुसरंच. रेडिओची कात्री मला चालते. ही लबाडी मात्र आवडली नाही.

तर रेडिओवर ऐकलेलंच रूप हवं असेल तर काय करायचं? आधी लांबी बघा. अर्ध्या मिनिटाचा फरक दिसला की मधलं वादन किंवा कडवं गेलंय असं समजा. लांबी तीच पण गाणं वेगळं वाटत असेल तर हेडफोन लावून स्टील गिटार शोधा. मूळ अल्बमवर नसलेलं सिंगलचं रूप पुष्कळदा गायकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहात मिळतं, तेव्हा तिथे आधी बघा. तिथेही नसेल तर जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात ४५ आरपीएमचा खोका उपसायचा. स्टेशनांना पाठवलेल्या प्रतींवर लेबलावरच कालावधी छापलेला असतो, आणि कधी नशिबाने दोन्ही बाजूंना एकच गाणं असतं, दोन लांबींचं.