सरका काका, मी करते

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज बँकेचा डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार सिस्टीममध्ये बंद करायचं काम, काकांनी केला. एकट्याने. मी शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि तेच जड गेलं.

काका आमच्या शाखेचे कॅशियर, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. बंडलात एक नोट कमी असली तर मोजणी संपायच्या आत त्यांच्या बोटांना कळतं. पण गेल्या वर्षी नवी सिस्टीम आली आणि हाच माणूस काउंटरवर अंग चोरून बसायला लागला. स्क्रीन अडकली की मी उठायचे, ‘सरका काका, मी करते’ म्हणत माउस घ्यायचे. रांग हलायची. मला वाटायचं, मदत करतेय. वर्षभरात माझ्याकडून ते एवढंच शिकले, की आपल्याला हे जमणार नाही.

ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण केलं की भत्ता मिळणार होता. आम्ही सगळ्यांनी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबून सर्टिफिकेट काढलं, पुन्हा ते पान कुणी उघडलं नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसींचा १९७१ चा प्रयोग आठवला. सोमा ठोकळ्यांचं कोडं सोडवायला ज्या विद्यार्थ्यांना पैसे दिले, त्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावला. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मानसिक गरजा मांडल्या. इथे आपलं काही चालतं, आपल्याला काम जमतं, ही माणसं आपली आहेत, असं वाटायला हवं. काकांना यातलं काहीच वाटत नव्हतं, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं, आता कुठे शिकणार!

जानेवारीत नवे साहेब आले. त्यांनी काकांना विचारलं, “पेन्शनच्या दिवशी काउंटर कसे लावूया?” काकांनी सांगितलं तसेच लावले. त्याच आठवड्यात काकांच्या ड्रॉवरमध्ये दोनशे पानी वही आली. एकेका मेनूच्या पायऱ्या, निळ्या शाईत, मराठीत. एका ओळीखाली रेघ मारलेली: ‘एंटर दोनदा. घाई नाही.’

आज डे-एंड अडकला. एक व्हाउचर पास करायचं, म्हणजे मंजूर करायचं, राहिलं होतं. मला ते आधी दिसलं, हात उठलाही, पण मागे घेतला. बारा मिनिटं गेली.

“सापडलं,” काका म्हणाले. मग चष्मा पुसत, “लोनचे मेनू पण असेच असतात का गं?”

सोमवारी दहाच्या आधी बसायचं ठरलंय. वही तेच आणणार आहेत.