खोडरबर

दुपारी टाइप करताना लॅपटॉप डुगडुगायला लागला. वाटलं टेबलाचा पाय आखूड झालाय, म्हणून कागदाची घडी करून पायाखाली सरकवली, तरी आपला डुगडुगतोच. शेवटी उलटा करून बघितला तर साहेबांचं पोट फुगलेलं. बॅटरी! दोन आठवडे टचपॅड क्लिक होत नव्हता आणि मी त्याला शिव्या घालत होतो, त्या बिचाऱ्याला खालून बॅटरी ढकलत होती. लिथियम बॅटरीत असा गॅस धरला की तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, एवढं माहीत होतं, म्हणून चार्जर काढून, श्वास रोखून दहा स्क्रू उघडले आणि ती उशी अलगद बाहेर काढली.

तसा तो आधीपासूनच रडका. डावं बिजागर तुटलेलं, पंखा उगाच घरघरतो. विंडोज ११ ला याचा प्रोसेसर चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम, म्हणजे मेमरी, वाढवू म्हटलं तर ती बोर्डावरच सोल्डर केलेली, निघतच नाही.

या सोल्डरवर माझा जुना राग आहे.

लहानपणी आमच्याकडे पिवळट पडलेला पीसी होता, त्याचा एका बाजूचा पत्रा कायम काढलेलाच असायचा. अधूनमधून तो चालू व्हायचाच नाही, स्क्रीन काळी आणि आतून बीप, बीप, बीप. मग बाबा माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर मागायचे. दोन्हीकडच्या पांढऱ्या क्लिपा मागे करून रॅमची पट्टी उपसायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं दोन्ही बाजूंनी घासायचे, फुंकर मारायची, आणि परत खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. कट, कट. बटण दाबलं की एकच छोटा बीप, आणि बाबांच्या चेहऱ्यावर सर्जनचा भाव. खोडरबर मात्र काळं होऊन परत यायचं, दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या वहीत त्याचे फराटे.

त्यामुळे असेल, पण नवीन लॅपटॉप बघताना मी आधी तो पालथा घालतो. स्क्रू मोजतो. मग एका कोपऱ्यानं उचलतो, करकरला की नापास. दुकानदार प्रोसेसर, स्क्रीन, एआय काय काय सांगत असतो आणि मी विचारतो, रॅम निघते का? मिलिटरी टेस्ट पास आहे म्हणाला, पण त्यातल्या कुठल्या टेस्ट घ्यायच्या ते कंपनीच ठरवते, आणि मला तो रणगाड्याखाली ठेवायचाय कुठे, मला फक्त बिजागर हवंय.

जीव अडकलाय तो जुन्या थिंकपॅडवर. टी४८० म्हणून २०१८ चं मॉडेल आहे, मागची बॅटरी बाहेरून खट्कन निघते, रॅमच्या दोन खाचा, कीबोर्डच्या मधोमध ते लाल टिकलीएवढं बटण. विंडोज ११ पण चालतं त्यावर. वापरलेला मिळतो. पण वापरलेला म्हणजे कुणी, कसा वापरलेला, हा किडा डोक्यात आहेच.

टिकण्याचं म्हणाल तर नासाचं व्हॉयेजर १ हे अंतराळयान. १९७७ साली गेलं, २०२३ च्या शेवटी असंबद्ध बडबडायला लागलं, मेमरीची एक चिप गेली होती. तिथं कोण नेणार खोडरबर? तेव्हा निरोप पोचायलाच साडेबावीस तास लागायचे. तर लोकांनी त्या चिपमधल्या कोडचे तुकडे करून ते मेमरीत जिथं जागा सापडेल तिथं बसवले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ते परत शहाण्यासारखं बोललं. एकही स्क्रू न उघडता. म्हणजे माझी स्क्रूची थिअरी तिथं आडवीच झाली, जाऊ दे.

सध्या बॅटरीशिवाय, नुसत्या वायरवर काम चाललंय. वायरला पाय लागला की खेळ खल्लास, त्यामुळे दर ओळीला कंट्रोल-एस.

काल बाबांना फोन केला, कुठला घेऊ म्हणून. म्हणाले, "अरे मला काय विचारतोस, मी तर सगळं टॅबवरच करतो, झकास चालतो, चार वर्षं झाली."

त्या टॅबला एकही स्क्रू नाही. मी बघितलंय.