कॅल्शियम नव्हतंच! चार नंबरचा शेंडा आणि ६० पट भिंग

गेल्या दोन नोंदींत चार नंबरच्या कुंडीतल्या रीपर मिरचीबद्दल ‘कॅल्शियम कमी पडतंय’ म्हणून मी जे जे लिहिलं ते खोडून टाका. कॅल्शियम कमी पडत नव्हतं, पिवळा कोळी होता (जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड). तीन आठवडे मी मुळांना कॅलमॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खत) पाजत बसले आणि वर शेंड्यावर पंगत चालू होती.

आता मागे वळून पाहिलं की स्वतःचाच राग येतो. शेंड्याची पानं अरुंद, जाडसर, कडा खाली वळलेल्या. मागची बाजू तपकिरी आणि तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. खालची पानं मात्र हिरवीगार. कॅल्शियम एकदा पानात बसलं की जागचं हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानांवर दिसते, हे आपण सगळ्यांनीच घोकलेलं. त्यात माझं कुंडीतलं मिश्रण निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं. सगळं कसं चपखल बसलं! पीएच पाहिला, ६.२. कॅलमॅग वाढवलं. अंड्याची टरफलंही टाकून झाली. (टरफलांबद्दल एकदाच सांगते: ती विरघळून मुळांपर्यंत पोचेपर्यंत हंगाम संपतो. कंपोस्टमध्ये टाका, कुंडीत नको.)

सगळ्यात मोठा मूर्खपणा वेगळाच. रीपरच्या एका पॉडवर, म्हणजे मिरचीवर, खरबरीत तपकिरी पापुद्रा आला होता. जालापेनो मिरचीच्या सालीवर निरुपद्रवी तपकिरी रेघा येतात तसं कॉर्किंग समजून मी त्याचे फोटो काढून ठेवले होते. कौतुकाने! तो कोळ्याने खरवडलेला भाग होता.

उलगडा झाला तो भिंगामुळे. फोनला चिमट्याने लावायची लेन्स मी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा पस्तावले. हात जरा हलला की सगळं धूसर. यावेळी दिवा असलेलं ६० पट भिंग घेतलं, शेंड्याचं एक पान खुडून टेबलावर उलटं ठेवलं आणि पाहिलं. पूर्ण वाढलेला कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, तो मला आधी दिसलाच नाही. दिसली ती अंडी. काचेच्या थेंबासारखी लांबट, पारदर्शक, आणि वर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. अशी ठिपक्यांची अंडी दिसली की शंका घ्यायला जागाच उरत नाही. इतकी देखणी गोष्ट पाहून इतका संताप पहिल्यांदाच झाला.

नवीन मंडळींसाठी: पान वर वळून होडी झाली तर आधी फुलकिडे शोधा, होडी उलटी झाली तर कोळी. आणि ‘चुरडा-मुरडा दिसतोय, व्हायरस असणार’ म्हणून झाड उपटण्याआधी भिंग लावा.

आला कुठून? कोळ्याच्या माद्या पांढऱ्या माशीच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. ‘दोनचार पांढऱ्या माश्या आहेत, चालायचंच’ असं मी इथेच लिहिलं होतं. ते शब्द मागे घेते.

मग घाई नडली. सापडल्याच्या आनंदात त्याच रात्री सगळ्या सातही झाडांवर कडुनिंबाचं तेल मारलं. दुसऱ्या दिवशी गंधकाचा पुडा उघडला तर लेबलवर स्पष्ट लिहिलेलं: तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे गंधक मारू नये, पानं करपतात. म्हणजे कोळ्यावर हमखास चालणारं औषध माझं मीच बंद करून बसले. उबेत याची पिढी साधारण आठवड्यात पुरी होते, त्यामुळे दोन आठवडे हातावर हात धरून बसणं परवडणारं नव्हतं.

उरला गरम पाण्याचा उपाय. ४३ ते ४९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवलं तर कोळी मरतो आणि झाड तगतं. आधी सहा नंबरच्या हबानेरो मिरचीवर करून पाहिलं, कारण ते सगळ्यात लहान आणि (खरं सांगायचं तर) सगळ्यात कमी लाडकं. कुंडीच्या तोंडावर फडकं घट्ट बांधलं, माती सांडू नये म्हणून. झाड उलटं धरून फक्त पाला बादलीत. थर्मामीटर पाण्यात, बाजूला गरम पाण्याचं भांडं, ४५ अंश टिकवायचे. पंधरा मिनिटं कुंडी उलटी धरून उभं राहणं किती लांब असतं ते करून पाहा. दुसऱ्या दिवशी पानं मलूल, तिसऱ्या दिवशी जशीच्या तशी.

इथे धीर धरावा लागतो. कोळी मेला तरी त्याच्या लाळेचा परिणाम काही आठवडे राहतो. आधीच वाकडी झालेली पानं सरळ होत नाहीत. निकाल नव्या पानांवरच. रोज सकाळी भिंग घेऊन तोच शेंडा पाहते आहे.

चार नंबर मात्र २० लिटरच्या कुंडीत आहे, तो उलटा धरणं माझ्या मनगटांच्या बाहेरचं. बेत असा होता की वरच्या ‘वाय’पर्यंत, म्हणजे खोड दोन फांद्यांत फुटतं तिथपर्यंत, छाटून टाकायचं. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय: छाटलेल्या फांद्या फेकायच्या कशाला? दोन बऱ्या फांद्या शेंडे काढून त्याच ४५ अंशाच्या बादलीत बुडवल्या आणि परलाइटमध्ये (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) लावल्या तर? चायनेन्सच्या (रीपर, हबानेरो येतात त्या मिरचीच्या प्रजातीच्या) फांद्यांना मुळं सावकाश फुटतात, पण फुटतात. म्हणजे खोड दगावलं तरी रीपर हातचा जाणार नाही. ठरलं, छाटणी उद्यावर.

बाकीच्यांचं थोडक्यात. दोन नंबरच्या लेमन ड्रॉप मिरचीने रात्री जरा थंडावल्यावर फुलं गाळणं थांबवलं. पाकळ्यांच्या बुडाशी ते हिरवट-पिवळे ठिपके दिसले की अजूनही हसू येतं. नऊ फळं धरली आहेत. पाच नंबर, ज्याच्या पाकिटावर ‘चॉकलेट हबानेरो’ लिहिलं होतं, तो चायनेन्स नाहीच. पांढरीशुभ्र फुलं, प्रत्येक पेऱ्यावर एकच, आणि देठ फळाला मिळतो तिथे चायनेन्सची ती आवळलेली कडाही नाही. सरळ अ‍ॅनम, म्हणजे मिरचीची दुसरीच प्रजाती. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं ‘झाडाला वेळ द्या’. वेळ दिल्याने जात बदलत नाही हो. पुढच्या हंगामात बिया फक्त आपल्यातल्याच कोणाकडून, तेही दुसऱ्या जातीचे पराग लागू नयेत म्हणून फुलं पिशवीत बांधून धरलेल्या.

कापडी कुंड्यांचा प्रयोग बंद. उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागतात.

आणि सहा नंबर: आज अकरावा दिवस. शेंड्यातून एक पान उलगडलंय, नखाएवढंही नाही. सपाट आहे. मागची बाजू भिंगाखाली दोनदा पाहिली, अंडी नाहीत. तिसऱ्यांदा पाहायला चाललेय.