आहार-नोंदवही: मिसळीतील प्रथिनांचा वाटा

गेल्या नोंदीपर्यंत मी दिवसाकाठी पोटात गेलेल्या प्रथिनांचे ग्रॅम तेवढे लिहीत होतो. आता शेजारी दुसरा रकाना आखला आहे, तो एकूण उष्मांकांपैकी प्रथिनांतून आलेल्या उष्मांकांच्या टक्केवारीचा. प्रथिनांच्या ग्रॅमना ४ ने गुणायचे, पदार्थाच्या एकूण किलोकॅलरींनी भागायचे आणि आलेल्या उत्तराला १०० ने गुणायचे.

यातला ४ हा आकडा, म्हणजे १ ग्रॅम प्रथिनातून शरीराला मिळणाऱ्या किलोकॅलरी, अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या कामातून आला. उष्मामापीत, म्हणजे जळताना निघणारी उष्णता मोजणाऱ्या उपकरणात, १ ग्रॅम प्रथिन पूर्ण जाळल्यास सुमारे ५.६५ किलोकॅलरी मिळतात. शरीराला मात्र तेवढ्या मिळत नाहीत, कारण प्रथिनांतील नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर पडताना काही ऊर्जा घेऊन जातो आणि थोडा भाग न पचताच राहतो. कर्बोदकांनाही ४ च धरतात, स्निग्ध पदार्थांना मात्र ९, आणि आपल्या ताटाचे गणित बहुधा या ९ मुळेच फिरते.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडून सायकलीवर परतताना आपल्या सायकल-गटातल्या बहुतेकांचा थांबा मिसळीचाच असतो, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. तेल मोजता यावे यासाठी ती घरी केली. मटकी कोरडी असतानाच तोलली, ४० ग्रॅम. भिजवून मोड आणल्यावर ती पाण्याने दुपटीच्या आसपास जड होते, प्रथिने मात्र जवळपास तेवढीच राहतात, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतला मटकीचा आकडा कोरड्या दाण्याचा आहे. त्यानुसार ४० ग्रॅममध्ये सुमारे ८ ग्रॅम प्रथिने आणि १२० किलोकॅलरी येतात, म्हणजे नुसत्या मटकीत प्रथिनांचा वाटा २५ टक्क्यांहून अधिक. मग त्यावर काळ्या मसाल्याचा लालभडक तर्रीचा रस्सा येतो. त्यातले २५ ग्रॅम तेल २२५ किलोकॅलरी आणते आणि प्रथिने शून्य. ४० ग्रॅम फरसाण आणि दोन पाव धरून थाळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने व ७७५ किलोकॅलरी झाल्या; वाटा जेमतेम १० टक्के.

तेल १० ग्रॅमवर आणल्यावर प्रथिने तेवढीच राहून वाटा साडेबारा टक्क्यांवर गेला. फरसाण निम्मे करून वाटीभर दही घेतले, तेव्हा तो पावणेचौदाच्या घरात पोहोचला. तर्री पातळ झाली, हे खरे. तरीही मसाला नीट भाजला असेल तर चवीत फारसे उणे वाटत नाही, असे माझे मत आहे.

शेंगदाणा प्रथिनांसाठी किती उपयोगाचा, यावर आपल्या गटात नेहमी वाद होतो. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आहेत, पण ४० ग्रॅम स्निग्धांशही आहे. म्हणून वाटा १८ टक्क्यांच्या आसपासच राहतो, मटकीपेक्षा बराच कमी.

टक्केवारी एकटी वाचू नये. शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम या शिफारशीने ६५ किलो वजनाच्या माणसाला ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. २००० किलोकॅलरींच्या दिवशी त्यांचा वाटा पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास येतो, तर त्र्यंबकेश्वरचा चढ चढून आलेल्या, २६०० किलोकॅलरी खाल्लेल्या दिवशी तेच ५४ ग्रॅम ८ टक्क्यांच्या थोडे वर दिसतात. त्यामुळे ग्रॅमचा रकाना मी खोडलेला नाही.